बॅटरी घरी हाय

...न्हाई गुरुजी, तुमी उतरू नका! तुमी उतरले का तुमच्या मागं त्या मावशी उतरतेत, मावशीच्या मागं त्यांची पिशवी उतरते, पिशवीतली कोंबडी उतरते, अन् सकाळधरनं एकेक शीट येचून भरलेली माझी गाडी रिकामी व्हते. बसा तुमी. हिंगोली काय पळून जाऊन राहिली का कुठं?

काय म्हनले? गाडीला बॅटरी न्हाई? कोन बोललं हे? मागून बोललं कोनतरी! साऱ्या गोरेगावात बदनामी करून टाकली लोकायनं, का किशनरावची काळी-पिवळी बिनबॅटरीची. अरे, बॅटरी हाय! चांगली जाडजूड, पानी टाकलेली, टोकायला ग्रीस लावलेली बॅटरी हाय! फकस्त घरी हाय.

आता बॅटरी घरी अन् गाडी स्टॅण्डवर, मंग धक्का लागते, त्याला मी काय करू? हार्न वाजत न्हाई म्हनता, त्याचा बंदोबस्त केला ना! सटवाजीला पुढं बसवलं. तुमाला सांगतो, कनेरगाव नाक्यापशी म्हशी आडव्या आल्या ना परवा, तं सटवाजीनं खिडकीतून मुंडकं काढून अशी आरोळी ठोकली, का म्हशी तं म्हशी, ढाब्यावर जेवत बसलेले लोक ताट घेऊन बाजूला झाले! आता असा हार्न कोन्या कंपनीच्या गाडीला हाय, सांगा बरं? अन् लाईट लागत न्हाई म्हनून दिवस बुडायच्या आत मी घरी. तकलीफ काय हाय तुमाला? दोन शीट आले का सुटलोच. तवर ऐका, बॅटरी काहून घरी हाय ते. इतके दिवस कोनाला बोललो न्हाई, पन आता गुरुजी उतरून राहिले म्हनल्यावर बोलाच लागन.

माझं पोरगं तुमी समद्यांनी बघितलंय. बुद्धभूषण. हेच्याच म्होरच्या शीटवर बसून राहायचं, आता सटवाजी बसलेत ना, तितंच. जलमापासून काळजाला भोक त्याच्या. चार पावलं चाललं का व्हट निळे पडायचे. डाक्टरनं सांगितलं, पळू देऊ नका. आता पळू देऊ नका म्हंजी काय हो? लेकरू हाय ते! लेकराला पळू देऊ नका म्हंजी मानसाला श्वास घेऊ देऊ नका म्हनल्यावानी झालं! अन् मंग आमची जनकाबाई... माझी मंडळी... तिचा आवाज तुमी ऐकला असनच. गल्लीत कोंबडा उशिरा वरडायचा, ती आधी वरडायची, "भूषण, पळू नको रे!" पोरगं नुसतं खाटंवरनं खाली पाय सोडायचं अन् इकडं चुलीपासून, "पळू नको रे!" गल्लीतले दुसरे पोरं खेळता खेळता जागच्या जागी थांबायचे, हो, त्यायला वाटायचं आपल्यालाच म्हनून राहिली! एकदा तं तलाठी साहेब थांबले रस्त्यात.

तं असं ते लेकरू. शाळंत वर्गात बसायचं, खेळाच्या तासाला पायरीवर बसायचं, घरी आलं का गाडीत बसायचं. बसून बसून त्यानं काय केलं, का या स्टॅण्डवरचा एक एक मानूस पाठ केला. कोन कसा चालते, कोन कसा थुकते, कोन धक्का मारते, कोन नुसता हात लावते. मला वाटायचं, काय करून राहिलं हे पोरगं बसल्या बसल्या? मला काय म्हाईत, टीम निवडून राहिलं म्हनून!

झालं असं, का माझ्या बहिनीचं पोरगं, रविंद्र, पुन्याला कंपनीत लागलं. त्यानं सोतासाठी नवा व्हिडिओ गेम घेतला अन् जुना भूषणला आनून दिला. पांढरं डबडं, अन् त्याच्या कडंला खाचंत बसवायची एक करडी डबी, साबनाच्या वडीएवढी. रविंद्र म्हने, "मामा, हे डबडं म्हंजी गाडी, अन् ही डबी म्हंजी टपावरचा माल. गाडी बिघडली तं दुसरी करता येते. माल पडला का गेला." खेळलेलं, बनवलेलं, समदं त्या डबीत साठते म्हने. म्या म्हनलं, एवढ्याशा डबीत काय मावते? तं काय मावलं म्हनता... सारं गोरेगाव मावलं हो!

त्या गेममंदी किरकेट व्हतं, अन् त्यात आपली सोताची टीम बनवता येते. नाव टाका, रंग टाका, उंची टाका, कोनाला किती पावर द्याचा तो टाका. पोरानं टीम बनवली, गोरेगाव स्टॅण्ड! अन् समोर कोन, तं सेनगाव स्टॅण्ड! तिकडचे आपले शीटं पळवनारे समदे ड्रायव्हर बराबर बॉलिंगला! आपल्याकडून विकेटकीपर कोन म्हनता? चहावाल्या नर्मदाबाई! म्हने, "बाबा, त्यायच्या हातून एक कप निसटत न्हाई." आता त्या गेममंदी बायामानसं न्हाईत, समदे गडीच, मंग नर्मदाबाईला मिशा आल्या. त्या बघायला आल्या तं आधी ही बोंब केली, "मेल्या, मला मिशा लावतो?" अन् मंग रोज भांडे घासून झाले का पदराला हात पुसत यायच्या, "भूषण, आज किती झेल घेतले रे म्या?"

अन् लाईट! तुमाला म्हाईत हाय आपल्याकडं लाईट कशी, दिवसातून येते कमी अन् जाते जास्त. पोरगं ऐन खेळात अन् लाईट गुल. तवा त्याचं तोंड असं व्हायचं ना... मला बघवंना. मंग म्या काय केलं, बंद पडलेल्या एसटीडी बूथमधलं यूपीएस उचलून आनलं, अन् संध्याकाळी गाडी लावली का बॅटरी काढायची, घरात न्यायची, यूपीएसला जोडायची. गावात अंधार, अन् आमच्या घरात गोरेगाव विरुद्ध सेनगाव! सकाळी बॅटरी उतरलेली. गाडी घेऊन स्टॅण्डवर यायचं, अन् मंग तुमाला, "जरा धक्का मारता का?" हिवाळ्यात मी सांगायचो, गारठली गाडी. उन्हाळ्यात सांगायचो, तापली. पावसाळ्यात, वल धरली. तुमी बी खुशाल मारायचे. तुमाला काय म्हाईत, तुमी गाडीला धक्का मारून राहिले का किरकेटला!

पन भूषणला म्हाईत व्हतं. आमचं घर स्टॅण्डच्या मागंच, ते खिडकीत बसून बघायचं. जो जोरात मारन, संध्याकाळी त्याचा पावर वाढला! खरं सांगतो! अमरसिंग हमाल, त्यानं एकट्यानं एकदा हळदीच्या पोत्यासकट गाडी ढकलली, तं त्या दिवसापासून अमरसिंग लागला सिक्सर मारायला. अन् सटवाजी, वाईट वाटून घेऊ नका, पन तुमी नुसता हात ठेवता गाडीला. "उंहूं, उंहूं" आवाज काढता, जोर शून्य. पोरानं तुमाला बॉलर केलं, अन् तुमचा बॉल अर्ध्या पीचलाच बसायचा! तुमी म्हनायचे, मशिनीत बिघाड हाय. बिघाड न्हाई, त्याची नजर बराबर व्हती. अन् गुरुजी... जाऊ द्या. तुमी कदी खालीच उतरले न्हाईत. बारावे गडी तुमी.

अन् सलामीला कोन? एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भूषण सोता. मला जाडा केलं, बुटका केलं, पळायचा पावर कमी. म्या म्हनलं, "काहून रे?" म्हने, "बाबा, जे हाय ते हाय." अन् सोताला... सोताला त्यानं पळायचा पावर पुरा भरला. जेवढा भरता येते तेवढा, काठोकाठ. पन सोताचं अंग तसंच ठेवलं हो, किडकिडीत. नुसतं पळनं भरलं. मंग माझ्या हातात एक रिमोट, त्याच्या हातात एक. त्यानं बॉल मारला का ते असं सुटायचं, असं सुटायचं, सशावानी! अन् मी तिकडं बटन हुडकून राहिलो. मंग वरडायचं, "बाबा, पळा! पळा ना बाबा! पळा!" इकडून चुलीपासून, "पळू नको रे!" अन् इकडून, "बाबा, पळा!" अन् मधात मी रनआऊट! दर बारीला! तुमाला सांगतो, इतकं हसायचं ते पोरगं, इतकं हसायचं, का मंग दम लागायचा अन् आमी गेम बंद करायचो.

सेनगावासंगं एक मॅच लई रंगली. थोडे रन राहिले व्हते जितायला, आमी दोघंच खेळून राहिलो, अन् मी अजून आऊट न्हाई, म्हंजी बघा! मंग म्हने, "बाबा, थकलो. उद्या जितू." बटन दाबून मॅच डबीत ठेवली. तो 'उद्या' काई आला न्हाई. सकाळी श्वास लागला, नांदेडला नेलं. तिथून मी त्याला आनलं ते... तसंच आनलं. ऐन उन्हाळा व्हता. तुमी समदे व्हते तवा. तुमी सारेच व्हते.

पानी हाय का कोनापाशी? द्या मावशी. हं.

तं आता जनकाबाईचं ऐका. घरात लोकं, पाहुने, पुन्यानुमोदनाला तं पाय ठेवायला जागा न्हाई, अन् पाहुन्यायचे लेकरं! पाहुन्यायचे लेकरं म्हंजी तुमाला म्हाईतच, ज्याला हात लावू नको म्हनलं त्याला पाय लावतेत. एक तं त्या डबड्यावर बसलं चढून! जनकाबाईनं बघितलं. ती रडून राहिली व्हती, तशीच उठली, अन् ती करडी डबी खाचंतून बराबर काढून घेतली. तिला म्हाईत व्हतं कशी काढायची. भूषणनंच सांगून ठेवलं व्हतं, "आई, डबडं गेलं तरी चालन, ही डबी जपायची." आता आपल्याकडं जपायचं म्हंजी कुठं ठेवायचं? सांगा. कोठीत! गव्हाच्या कोठीत! मनी-डोरलं कोठीत, रेशनचं कार्ड कोठीत, शेताचा कागूद कोठीत. चोर हात घालत न्हाई, उंदीर शिरत न्हाई, झाकन लावलं का जगबुडी आली तरी भेव न्हाई. फडक्यात गुंडाळली, कोपरापस्तोर हात घातला, अन् पार तळाशी ठेवली. जीव ठेवल्यासारखी ठेवली हो तिनं.

मंग आमी घरात त्या डबड्याचं नावच काढलं न्हाई. पावसाळा सरला. एक दिवस गाडी धुताना म्होरचं शीट पुसून राहिलो, अन् मनाला असं झालं, का एकदा बघावं पोराला. पळताना बघावं. जनकाबाईला सांगितलं, तं तिनं कोठीतून डबी काढून दिली. बसवली. चालू केलं. ती मागं उभी, मी म्होरं बसलो. अन् आलं काय? काळा पडदा, अन् मधात चौकोन, अन् त्यात इंग्रजी!

आता मी पडलो ड्रायव्हर, पाट्या वाचण्यात जलम गेला, जोडून जोडून वाचलं. डबी वाचता येत न्हाई, असं काईतरी. फॉरमॅट करू का? खाली दोनच शब्द. येस. नो. फोन लावला रविंद्रला. "मामा, डबीत एरर आलाय. येस दाबा, मस्त चालन." म्या म्हनलं, "येस दाबलं तं व्हते काय?" म्हने, "कोरी व्हते." "कोरी म्हंजी?" "कोरी म्हंजी... धुतल्यासारखी, मामा." म्या म्हनलं, "अन् भूषण?"

  

म्या 'नो' दाबलं.

मंग सुरू झालं बघा! साऱ्या गावाला कळलं, कारन साऱ्या गावाचा माल त्या टपावर! जो तो येऊन राहिला. रविंद्र फोनवरून सांगते, "मामा, बंद करा, तार काढा, थोडं थांबा, परत लावा." केलं. चौकोन. येस, नो. म्या 'नो' दाबलं. "डबी काढा, फुंका, लावा." फुंकली. अशी फुंकली का माझेच कान बसले. चौकोन. 'नो' दाबलं. नर्मदाबाई म्हनल्या, वल धरली असन, उन्हात ठेवा. मंग खाटंवर एकीकडं कुरडया अन् एकीकडं डबी, अन् जनकाबाई काठी घेऊन कावळे हाकत बसली! रस्त्यानं जानारे इचारतेत, "काय वाळत घातलं बाई?" ती म्हनायची, "कुरडया."  संध्याकाळी लावलं. चौकोन. 'नो'. अन् हे सटवाजी, हे आले अन् म्हनतेत, "आमची टीव्ही अशीच करते, एक झापड ठेवून द्या बाजूनं, लागते." अन् हात उचलला बी! तुमाला सांगतो, जनकाबाई अशी मधात आली, अशी आली... "माझ्या लेकराला कोनी मारायचं न्हाई!" सटवाजी तसेच हात वर, जसा अंपायर! आठवते ना सटवाजी? मंग तुमीच रडले बसून ओट्यावर. लपवता काहून? सारेच रडून राहिले व्हते.

शेवटी हिंगोलीला नेलं. मोबाईल-टीव्ही दुरुस्तीवाला, मुन्ना. दुकान म्हंजी काय, मानूस आत गेला का सामान बाहेर काढा लागते. त्यानं डबी बघितली न बघितली, अन् म्हने, "अंकल, फॉरमॅट मार देते हैं. एकदम नया हो जाएगा." म्या म्हनलं, "नवा नको रे बाबा, जुनाच पायजे." "अंकल, नया अच्छा चलेगा!" "अरे, मला चांगला नको, जसा हाय तसा पायजे!" "अंकल, आप समज नहीं रहे." "तू समजून नहीं राहिलास!" म्हंजी माझी हिंदी बी अशी! दुकानातले गिऱ्हाईक थांबून बघून राहिले, का डबीवरून भांडन हाय का जमिनीवरून. मंग ते पोरगं वैतागलं, अन् त्यानं बारका पेचकस घेऊन डबी उघडली. अन् त्यातून काय पडलं काउंटरवर?

गव्हाचा दाना.

एक गव्हाचा दाना, अन् संगं चिमूटभर करडी भुकटी. मुन्ना म्हने, "अंकल, गेम में गेहूँ?" हसलं ते. त्याला काय म्हाईत. मंग आतल्या तांब्याच्या पट्ट्या दाखवल्या, काळ्या-हिरव्या पडलेल्या, खाल्लेल्या. म्हने, "किदर रखा था इसको? किसी केमिकल में?" अन् माझ्या नाकात वास भरला, सडक्या लसनावानी.  तो वास मला म्हाईत व्हता. गव्हाला किडे लागू नये म्हनून कोठीत टाकतेत ना, त्या औषधाच्या गोळीचा वास! तिचा धूर सुटते, किडे मारते. अन् तांब्याला बी खाते, हे कोनाला म्हाईत व्हतं? तुमाला व्हतं का? मला न्हाई. जिनं जपून ठेवलं तिला तं कुठून म्हाईत? साऱ्या घरात जी जागा सगळ्यात जपायची, तिथंच ठेवलं तिनं, अन् तिथंच...

म्या मुन्नाला म्हनलं, "बाबा, हात जोडतो, येस न दाबता जेवढं व्हते तेवढं कर." त्यानं मंग काय केलं, आजूबाजूला एवढे मशिनी, एवढे तारा, अन् खणातून काढलं काय, तं शाळंतलं खोडरबर! घासलं बसून पट्ट्यायवर हळूहळू. म्हने, "अंकल, एक बार चल सकता है. चल गया तो बंद मत करना. बंद किया और फिर नहीं चला, तो मेरे पास मत आना."

आता घरी आलो, तं जनकाबाई दारात. तोंड बघूनच तिनं वळखलं. म्हने, "भूषणचे बाबा, खरं सांगा. माझ्या कोठीनं घात केला का?" तिला वास आला असन बघा माझ्या हाताला. आता सांगा, काय सांगाचं? गुरुजी, तुमी शिकलेले, तुमीच सांगा, काय सांगाचं अशा बाईला? म्या म्हनलं, "येडी का काय तू? तो मुन्ना सोता म्हनला, का अंकल, कोठीत व्हतं म्हनून वाचलं! बाहेर असतं तं कदीचंच गेलं असतं!" माझ्या डोळ्यात बघत राहिली. मंग म्हने, "मला वाटलंच व्हतं." अन् आत जाऊन चहा ठेवला. सटवाजी, हे जे बोललो ना आता, हे या गाडीच्या बाहेर गेलं न्हाई पायजे. तुमच्या तोंडाचा हार्न कनेरगाव नाक्यापुरता ठेवा. बायकोला बी सांगू नका, आन हाय तुमाला.

तं डबी बसवली. बॅटरी जोडून ठेवली आधीच, मधात लाईट गेली तं घोटाळा नको. चालू केलं. काळा पडदा.  चौकोन येते का, चौकोन येते का... अन् चौकोन आला न्हाई! हिरवं मैदान आलं! नर्मदाबाई मिशीसकट आल्या, अमरसिंग आला, समदे आले, अन् तीच मॅच, सेनगावासंगं, जितं सोडली तिथंच. इकडं मी, जाडा, बुटका. अन् तिकडं बॅट टेकवून भूषण उभा. वाट बघून राहिला हो. बाप येते कवा, म्हनून उभा.

माझ्या डोळ्याला काई दिसंना. कोनतं बटन दाबलं गेलं मला म्हाईत न्हाई. बॉलर पळत आला, भूषणनं बॅट फिरवली, असा बॉल लागला, असा लागला बॅटच्या मधात! अन् ते पोरगं सुटलं पळत! ज्याला खाटंवरनं मोरीपस्तोर उचलून न्यायचो ना आमी शेवटी, ते पोरगं सुटलं, सशावानी, पाय जमिनीला लागंना...

अन् मागून किंकाळी आली. "भूषण, पळू नको रे! पळू नको!"

माझ्या हातानं आपोआप बटन दाबलं. थांबवायचं बटन. पोरगं थांबलं, पीचच्या मधात. एक पाय म्होरं, एक मागं, दोनी पाय हवेत.

मी वळून बघितलं, तं जनकाबाई तोंडावर पदर धरून खाली बसलेली. म्हने, "दम लागला असता हो त्याला." म्या म्हनलं, "व्हय." मंग म्हने, "असाच राहू द्या." म्या म्हनलं, "राहू देतो."

तवापासून ते तसंच हाय. रविंद्र रोज फोनवर वरडते, "मामा, मॅच पुरी करा, सेव्ह करा, बंद करा, काई होत न्हाई!" त्याला म्हनायला काय जाते? मॅच पुरी केली तं पोरगं मैदानातून बाहेर जाते. सेव्ह करायला जावं अन् पट्टी धरली न्हाई तं? बंद केलं अन् चौकोन आला तं? म्हनून बंद करत न्हाई. टीव्ही बंद करतो, डबडं चालूच. लाईट हाय तवर लाईटवर, लाईट गेली का बॅटरीवर. डबडं गरम होते म्हनून जनकाबाई पुठ्ठ्यानं वारा घालते, जशी त्याला घालायची. संध्याकाळी जेवणाआधी टीव्ही लावते, बघते, पदरानं काच पुसते, अन् बंद करते. चांगली जेवते बघा मंग. तिचं जेवन तं बंदच झालं व्हतं.

तं गुरुजी, आता सांगा, ती बॅटरी काढून आनू का गाडीला? तुमी 'हो' म्हना, मी आनतो. उठतो अन् आनतो. तुमचं टायमिंग चुकून राहिलं, साहेब रागावतेत, मला समजते ना. सांगा, काढू?

...गुरुजी? काहून उतरून राहिले? अहो, चप्पल काढून काहून... अस्सं. मागं चालले व्हय. बरं, बरं. डाव्या कोपऱ्याला जपून हात लावा, तिकडं पत्रा फाटला हाय, लुगड्या-धोतराला लागते, तुमची पँट हाय म्हना. मावशी, तुमी बसा, कोंबडी सांभाळा. ते बघा दोन शीट बी आले पळत. अरे, आत काय चढून राहिले? आधी ढकला, मंग बसा! सटवाजी, उतरा. अन् आज नुसता हात ठेवू नका, आमची खिडकी उघडी हाय.

पोराला म्या अर्ध्या पीचवर थांबवून ठेवलंय, त्याच्या वाटनीचं तुमालाच पळा लागन. न्हाई विलाज. हं, लावा जोर... पळा! पळा ना! पळा!